मॅडमची किळस

मॅडमना किळस फार यायची, पण कशाची येईल याचा नेम नव्हता. फॉर्मालिनमधला बेडूक त्या उघड्या हाताने उचलत, हात धुऊन लगेच डबा उघडत आणि म्हणत, "जेवा गं, बघत काय बसलात?" पण कुणी दुसरीच्या जर्नलवरून आकृती उतरवली असेल, तर ती वही चिमटीत धरून टेबलाच्या टोकाला सरकवत. "शी! हे लांब ठेवा माझ्यापासून." पालघरच्या आमच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि सगळे त्यांना 'शी मॅडम' म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं.

प्रयोगशाळेमागच्या खोलीत त्यांनी झेब्रा मासे पाळले होते, बोटाच्या पेरांएवढे, निळ्या पट्ट्यांचे. सकाळी दिवा लागला की ते अंडी घालत, म्हणून मॅडम बोईसरहून शिपायाच्याही आधी हजर. अंडं काचेसारखं आरपार दिसतं, आत पिल्लू घडताना पाहता येतं. "सगळ्या पेशींत जनुकं तीच. मग कुणी डोळा व्हायचं, कुणी शेपटी, हे कोण सांगतं?" असं विचारून त्या माझ्याकडे वळल्या, कारण आमचं घर खाडीकाठच्या मच्छीमारांचं. "होडी लागली की हाक येते ना? जवळच्या घरात नीट ऐकू येते, ते टोपल्या घेऊन धावतात. लांबचे नुसते दारात येतात. त्याहून लांबच्यांना पत्ताच नसतो. गर्भातही काही पेशी एक रसायन सोडतात. ते जिला जेवढं पोचेल, तशी तिची जनुकं चालू होतात नाहीतर बंद राहतात." मग त्यांनी डोळ्यांचं सांगितलं. आधी डोळ्यांची जागा एकच असते. मधल्या रेषेकडून रसायन आलं की तिचे दोन भाग होतात. ते अडलं, तर पिल्लाला एकच डोळा.

ते आमच्या खाडीच्या पाण्याने अडतं का, हे शोधायला त्या खाडीवर यायच्या. कारखान्यांकडचा एक नाला खाडीला मिळतो, तिथलं पाणी जांभळट, वर तेलकट साय, आणि वास असा की दोन दिवस घशातून जात नाही. मी तिथे ओकले. मॅडमनी पदर खोचून बाटली भरली. "किळस ही घाण सोडणाऱ्यांची कर," त्या म्हणाल्या. "पाण्याने काय केलंय?" त्या खाडीतल्या माशांना रॉकेलसारखा वास यायचा, बाजारात बायका ते हुंगून परत टोपलीत फेकायच्या. शेवटी बाबांनी जाळं माळ्यावर टाकलं आणि ते एडवणला दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जायला लागले.

मॅडमनी अंडी दोन पाण्यांत वाढवली, स्वच्छ आणि खाडीच्या. खाडीच्या बशांत वाकड्या शेपटीची पिल्लं निघाली, काही एका डोळ्याची. त्यांनी फोटो काढून कोळगावला जिल्हा कचेरीत, प्रदूषण बघणाऱ्या साहेबांकडे नेले. साहेब म्हणाले, फोटो काय, कुठलेही आणता येतात. खूप हेलपाटे घातल्यावर ते स्वतः येऊन बघायला तयार झाले. मॅडमनी नवी अंडी लावली, पुन्हा तेच निघालं. ठरल्या सकाळी त्या साहेबांना आणायला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "मेलेली पांढरी अंडी काढ, पाणी बदल. बाकी कशाला हात लावू नकोस."

मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. ती पिल्लं वळवळत होती आणि काहींच्या कपाळावर तो एकच काळा डोळा. मला शिसारी आली. आमच्याकडे मांदेली वाळत घालण्याआधी फुटकी, मुडपलेली वेचून फेकतात, एक खराब राहिलं तर आई अख्खी टोपली पुन्हा निवडायला लावायची. त्यात मोठा माणूस बघायला येणार. पांढरी अंडी काढता काढता ड्रॉपर वाकड्यांकडेही गेला. चांगली तेवढी ठेवली आणि बाकीची मोरीत ओतून वर तांब्याभर पाणी टाकलं. सगळा प्रयोग मला पाठ होता. तरीही मी हे केलं.

साहेब नाकाला रुमाल लावून आले. काचेच्या टाक्यांतल्या माशांचा त्यांना वास आला म्हणे! जांभळ्या पाण्याकाठी ज्यांचं नाक कधी गेलं नाही, त्यांना इथे वास आला. त्यांनी एकेक बशी पाहिली. "सगळ्यांना दोन-दोन डोळे आहेत की, मॅडम." मॅडमनी पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि माझं तोंडच त्यांना सगळं सांगत असावं. "माझ्या मोजणीत चूक झाली," त्या म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी कितीदा लिहिलं, पण दर वेळी एकच उत्तर आलं, पाहणी झालेली आहे.

संध्याकाळी मी रडत कबूल केलं. वाटलं, आता मला वहीसारखं चिमटीत धरतील. त्या एवढंच म्हणाल्या, "तुला त्या पिल्लांची किळस आली. ती बिचारी तशी कुणामुळे झाली, त्याची यायला हवी होती." मग खाडीचं काम फसलं हे बाबांना सांगायला त्या आपण होऊन आमच्या घरी आल्या आणि तिथेही म्हणाल्या, चूक माझी. बाबांनी त्यांना नको नको ते सुनावलं. त्या मान खाली घालून जेवल्या आणि गेल्या.

गेल्या महिन्यात मॅडम वारल्या. फोन आला तेव्हा आम्ही जेवत होतो. बाबा म्हणाले, "चांगली व्हती बाई. पन आपल्या खाडीचा काय जमला नाय तिला."

"जमलं होतं, बाबा. त्या दिवशी ती वाकडी पिल्लं मी फेकली. मोरीत ओतली. माझं नाव येऊ नये म्हणून त्या चूक माझी म्हणाल्या."

बाबांचा हात ताटातच राहिला.

"मंग मी तिला घरात बसवून तसा बोललो," ते म्हणाले, "तवा तू काय करीत व्हतीस?"

"त्यांच्या ताटात भात वाढत होते," मी म्हणाले.