काकांबरोबरचा चढ

काकूंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसहून परतणाऱ्या बसमध्ये होते. बाहेर पाऊस होता. रेडमंडला तो नोव्हेंबरपासून असतोच, त्याबद्दल कुणी बोलतही नाही.

"अगं, शनिवारी सकाळी तू मोकळी असतेस ना? यांच्याबरोबर डोंगरावर जाशील का?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, "काकू, मला स्की येत नाही."

"खाली घसरता येत नसू दे. वर चढता येईल की. एकट्यांना पाठवायला आताशा मला नको वाटतं."

काका म्हणजे त्यांचे यजमान. वय चौऱ्याहत्तर. भूल देणारे डॉक्टर होते, आता निवृत्त. पन्नास वर्षांपूर्वी या देशात आले तेव्हा पहिली नोकरी डोंगरातल्या एका लहान गावात लागली आणि तिथल्या सहकाऱ्यांनी त्यांना स्कीवर उभं केलं. पण तारेवरून जाणाऱ्या लिफ्टच्या खुर्चीत बसून वर जायचं आणि घसरत खाली यायचं, हे त्यांना कधी पटलं नाही. ते स्वतःच्या पायांनी वर चढायचे आणि मग खाली यायचे. महाराष्ट्र मंडळात सगळ्यांना त्यांचं हे वेड माहीत होतं. आम्ही इथे नवीन असताना माझ्या बाळंतपणात या दोघांनी माझ्यासाठी खूप केलं होतं, त्यामुळे काकूंना नाही म्हणणं मला शक्य नव्हतं.

खरं सांगायचं तर त्या हिवाळ्यात मला कुठेही जायचं नव्हतं. ऑफिसात निम्म्या टीमला काढून टाकलं होतं आणि त्यांचं काम उरलेल्यांवर आलं होतं. नवरा दुसऱ्या राज्यात, शॉमबर्गच्या प्रोजेक्टवर, पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचा. मुलगी कॉलेजला गेलेली. शनिवार सकाळ मी पांघरुणात पडून काढायचे. झोप लागायची नाही, नुसती पडून राहायचे. तरी त्या शनिवारी उठले आणि साडेसातला त्यांच्या गॅरेजसमोर जाऊन उभी राहिले.

त्यांच्या मुलीचे जुने बूट आणि स्की गॅरेजमध्ये पडून होते. बूट मला बरोबर बसले, म्हणजे टाळायला तेही कारण उरलं नाही. काकूंनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासभर चहा दिला. काका गाडी चालवायला बसणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "तिला ड्राइव्ह करू दे. तिला घाटाची सवय होईल." काका दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

घाट आमच्याकडून पूर्वेला तासाभरावर. तिथे जंगलातून वर जाणारा एक कच्चा रस्ता हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतो. फाटकापाशी गाडी लावायची आणि त्याच रस्त्याने वर चढत जायचं. दोन तासांनी विजेच्या तारांचा एक मोठा मनोरा येतो, तिथे थांबायचं. तारांखालची झाडं तोडून मोकळी पट्टी ठेवलेली आहे. काका त्या पट्टीवरून स्की करत खाली उतरायचे आणि मी आले तशी रस्त्याने परत यायचे. मी पोचेपर्यंत ते गाडी तापवून बसलेले असत.

पहिल्या दिवशी त्यांनी मला फाटकापाशी बसवून सगळं शिकवलं. पिशवीतून दोन लांब पट्ट्या काढल्या. एका बाजूला चिकट गोंद, दुसऱ्या बाजूला बारीक, आखूड केस. त्यांना स्किन्स म्हणतात. काका कातडी म्हणायचे.

"पूर्वी खऱ्याच कातड्याच्या असायच्या, सीलच्या. आता नायलॉन. हात फिरव बघ. असा फिरवला की मऊ लागतं. आता उलटा फिरव."

उलटा हात फिरवला तर केस उभे राहून बोटांना अडत होते.

"हेच. पुढे सरकताना केस झोपतात, स्की घसरत जाते. मागे घसरायला लागलीस की ते उभे राहून बर्फ धरतात. एवढंच विज्ञान आहे. बाकी सगळं पायांचं काम."

त्यांनी स्कीच्या टोकाला कडी अडकवली, पट्टी ताणून तळाला चिकटवली आणि तळव्याने घासत शेपटीपर्यंत नेली. मग मला दुसरी लावायला लावली. वाकडी गेली. त्यांनी सोलून काढली आणि पुन्हा दिली. तीनदा. रुग्णाला भूल देण्याआधी नळ्या तपासणारा माणूस असाच असणार, असं मला वाटलं.

चढताना बुटाची टाच मोकळी असते, फक्त चवडा अडकलेला. चढ वाढला की टाचेखाली एक छोटी दांडी उभी करायची म्हणजे पोटऱ्यांवर ताण येत नाही. त्या दांडीला काका पाट म्हणायचे. "आता चढ आहे, पाट मांड," असं मागे न बघता ओरडायचे.

पाऊल उचलायचं नाही, ओढायचं, हे शिकायला मला दोन शनिवार लागले. तिसऱ्या शनिवारी माझ्या लक्षात आलं की वर पोचेपर्यंत मी ऑफिसचा विचार केला नव्हता. आनंद वगैरे झाला नव्हता. मी दमलेलीच होते, पण ते पायांचं दमणं होतं, आणि घरी जाऊन मला झोप लागली. मग मी जातच राहिले. काका फार बोलायचे नाहीत. मनोऱ्यापाशी बसून आम्ही दशम्या खायचो. ते स्किन्स काढून, गोंदाला गोंद लावून घडी करायचे आणि जॅकेटच्या आत छातीशी ठेवायचे. थंडीत गोंद गोठला तर पुन्हा चिकटत नाही, म्हणून.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ते नेहमीप्रमाणे माझ्या पुढे होते. अर्ध्या वाटेवर एक मोठं वळण आहे, तिथे रस्ता रुंद आणि सपाट होतो. मी वळणावर आले तर काका स्की काढून बर्फात उभे. त्यांनी दोन्ही स्किन्स सोलल्या होत्या, घडी घालून जॅकेटमध्ये ठेवल्या होत्या आणि ते त्याची चेन लावत होते.

"काका, काय झालं? गोंद सुटला का?"

"नाही गं. आलो की वर." ते प्रसन्न दिसत होते. "डबा काढ."

मी हसले. मला वाटलं, थट्टा करतायत. "मनोरा अजून तासभर लांब आहे, काका."

त्यांनी वर पाहिलं. झाडांशिवाय तिथे काही नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी ओसरून गेलं. "हो, हो," ते म्हणाले. "मी जरा थांबलो होतो." आणि त्यांनी स्की पायात चढवल्या, तशाच, स्किन्स न लावता, आणि चढाला लागले.

दोन पावलं गेले आणि मागे घसरले. काठ्या रोवून सावरले. पुन्हा गेले, पुन्हा घसरले. तिसऱ्या वेळी कुशीवर पडले. मी धावायचा प्रयत्न केला, पण पायात स्की असताना धावता येत नाही. मी पोचेपर्यंत ते उठून बसले होते.

"आज बर्फ बरोबर नाही," ते चिडून म्हणाले.

"काका, स्किन्स तुमच्या जॅकेटमध्ये आहेत."

त्यांनी छातीवर हात ठेवला, चाचपलं. चेन उघडून घडी बाहेर काढली आणि हातात धरून बसले. उलटसुलट करून पाहिली. मग माझ्याकडे बघून अगदी हळू आवाजात विचारलं, "हे कसं लावायचं गं?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला त्यांनीच शिकवलं होतं. मी गुडघ्यांवर बसले, त्यांच्या स्की काढल्या, कड्या अडकवल्या. घडी उलगडताना गोंदाला बर्फ लागला. तो स्कीच्या कडेवर घासून काढला, तरी पट्टी नीट धरेना. शेवटी पिशवीतले रबरी पट्टे काढून दोन्ही स्कींना गुंडाळून आवळले.   काका शेजारी बसून माझ्या हातांकडे लक्षपूर्वक बघत होते, पहिल्यांदाच बघत असल्यासारखे.

"इथूनच परत जाऊ या, काका."

मला वाटलं होतं, ते नाही म्हणतील. ते म्हणाले, "चालेल. मी दमलोय."

हा शब्द मी त्यांच्या तोंडून तोपर्यंत ऐकला नव्हता.

आम्ही दोघं रस्त्याने, स्किन्स न काढता, चालत उतरलो. त्यांना पुढे ठेवलं आणि मी मागून चालले. पाऊण तास मी फक्त त्यांची पाठ बघत होते. आधी भीती होती. मग ती गेली आणि तिच्या जागी काहीच उरलं नाही, नुसता थकवा.

 घाट उतरल्यावर गाडीत काका म्हणाले, "मला कळतं गं. डॉक्टर आहे मी. गेल्या उन्हाळ्यापासून चाललंय हे." मग म्हणाले, "काकूला सांगू नकोस. घाबरेल ती."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दार काकूंनी उघडलं. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, नुकत्याच झोपेतून उठल्या होत्या. त्यांनी आधी काकांकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. साडेअकराच वाजले होते. एरवी आम्हाला दोन वाजायचे. काका बूट काढून आत गेले तशी त्यांनी मला स्वयंपाकघरात ओढलं.

"कुठे झालं?"

म्हणजे काकूंना सगळं माहीत होतं. गाडी मला चालवायला सांगितली ती का, हेही तेव्हा कळलं. माझा तोल गेला.

"काकू, तुम्ही मला सांगायला हवं होतं. डोंगर आहे तो. ते त्या तारांखालून एकटे उतरत होते, दर शनिवारी. कुठे गेले असते तर? मी काय केलं असतं?"

"उतरताना ते चुकत नाहीत. अंगातच आहे त्यांच्या."

"हे तुम्हाला कसं माहीत?"

 त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "सांगितलं असतं तर गेली असतीस तू?"

 मी गेले नसते. मला स्वतःला ओढत नेणं जड झालं होतं, आणखी एका माणसाची जबाबदारी मी घेतली नसती.

"ते रात्री उठतात," काकू म्हणाल्या. "दार उघडून बाहेर जातात. मला झोपता येत नाही. आठवड्यातून तेवढे पाच तास मी झोपायचे गं. वाईट वाटून घेऊ नकोस. मला तेवढेच मिळत होते."

मी चहा न घेता निघाले. पुढचे दोन शनिवार काकूंना मेसेज केला की ऑफिसात सॉफ्टवेअरचा रिलीज आहे. रिलीज नव्हता. मी घरी पडून होते. राग होता, पण तो कुणावर आहे हे ठरत नव्हतं. काकूंच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं, आणि त्यामुळेच जास्त राग येत होता.

तिसऱ्या शनिवारी गेले. फाटकापासून अर्धा तास जायचं आणि परत यायचं, असं मी ठरवलं. स्किन्स दोघांच्याही मीच लावल्या. काकांनी पाय पुढे केले, लहान मुलाचे बूट घालताना करतात तसे. वळणाच्या बऱ्याच आधी मी थांबले. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. मार्चअखेरपर्यंत आम्ही असे चार वेळा गेलो. एकदा येताना ते मला म्हणाले, "तू छान चढतेस. कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "तुम्हीच." ते खूश झाले.

पुढच्या हिवाळ्यात जमलं नाही. त्यांना बुटाचे बंद नको वाटायचे, गाडीत अस्वस्थ व्हायचे. त्यांची मुलगी देशाच्या दुसऱ्या टोकाला, एडिसनला असते, ती तिकडे या म्हणत होती. काकू तयार झाल्या नाहीत. आठवड्यातले तीन दिवस एक बाई मदतीला येऊ लागली. शनिवारी ती नसते, म्हणून शनिवारी मी जाते. नवऱ्याचा प्रोजेक्ट संपला, तो घरी आलाय. त्याने एकदा विचारलं, "दर आठवड्याला कशाला जातेस? तूच किती दमतेस."  दमायचं तर आहेच, मग तिथे बसून दमावं, असं काहीसं मी म्हणाले.

दहा वाजता पोचते. काकू दार उघडतात आणि सरळ बेडरूममध्ये जातात. मी आणि काका बाहेरच्या खोलीत बसतो. कधी ते मटार सोलतात. कधी मला कुणीतरी नर्स समजून ऑपरेशन थिएटरची वेळ विचारतात. मी म्हणते, अजून आहे वेळ, डॉक्टर. तेवढं त्यांना पुरतं.

मागच्या शनिवारी माझाच डोळा लागला. सोफ्यावर, बसल्या बसल्या. दचकून जागी झाले तर पुढचं दार दिसत होतं, बंद. खोलीत काकू उभ्या होत्या, हातात चहाचे कप. काका खिडकीपाशी खुर्चीत बसून बाहेरचा पाऊस बघत होते.

मी ओशाळले. म्हटलं, "काकू, सॉरी, मला कळलंच नाही."

"असू दे. मीही आत्ताच उठले." त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि माझ्या शेजारी बसल्या. "कुठे गेले नाहीत ते. आपण दोघी झोपलो होतो आणि हे बसले होते बघ इथेच."