चादर झटकणारी

आत्यानं चादर दोन्ही हातांनी वर उडवली आणि फाडकन झटकली. तिचा डबा घेऊन मी दारातच उभी होते. चादरीतून एक कवळी टणकन फरशीवर पडली.

"बघ, कुणाच्या तरी आजोबांचे दात," ती म्हणाली. "मशीनमध्ये गेले असते तर म्हातारा जेवला कशानं असता?"

हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत ती बावीस वर्षं होती. चष्मे, अंगठ्या, एकदा तर चालू मोबाइल. चादरीतून जे निघेल ते ज्याचं त्याला पोचवायची, म्हणून प्रत्येक चादर झटकायची. कोरोना आला तेव्हा वरच्या डॉक्टर-नर्सना किट मिळाले. तळघरात लॉन्ड्रीला माणशी एक मास्क, तो आठवडाभर पुरवायचा. पेशंटच्या चादरी मात्र सगळ्या खालीच यायच्या. झटकू नका, एवढंसुद्धा कुणी सांगितलं नाही.

"मरू देत ते दात. तू झटकू नकोस ना आत्या."

"आधी एका जागी बसायला शीक, भिंगरे, मग मला शिकव."

मी नववीत शाळा सोडली, घरात पाय ठरत नाही, म्हणून भिंगरी. आई गेल्यावर मला वाढवलं ते या बाईनं.

आठ दिवसांनी तिला ताप भरला. रिपोर्ट पॉझिटिव्ह. ती स्वतःच्या पायानं चालत आपल्याच हॉस्पिटलात भरती झाली. दुसऱ्या दिवशी तिच्या सुपरवायझरचा बाबांना फोन. "फॉर्मवर आलंय, संसर्ग घरातून. तुमची मुलगी गावभर उंडारते म्हणे."

बाबांनी फोन ठेवला आणि मला ताट वाढलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शेजारच्या काकू खिडकी लावता लावता म्हणाल्या, "आत्याला खाऊनच राहणार ना तू?"

माझं डोकं सटकलं. गेले थेट हॉस्पिटलात. "घरात आम्ही दोघं ठणठणीत आहोत! इथं लागलाय तिला, तसं लिहा!"

सुपरवायझर काचेआडून म्हणाला, "तिनं वॉर्डात पाऊल टाकलं नाही. लॉन्ड्रीत कसला आलाय कोरोना?"

"मग त्या चादरी काय लग्नाहून आल्या होत्या?"

वॉचमननं दंडाला धरून बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी परत गेले, परत काढलं.

बाराव्या दिवशी आत्या गेली. लांबून एक गाठोडं दाखवलं. ती तीच होती, हेही आम्ही त्यांच्या शब्दावर मानलं.

पुढं हॉस्पिटलच्या दारात बोर्ड लागला, ड्युटीवर कोरोना होऊन वारलेल्यांच्या फोटोंचा. दोन डॉक्टर, तीन नर्स, एक ड्रायव्हर. आत्या नाही. का, तर फॉर्मवर 'घरातून' आहे. तो एक शब्द बदलायला मी वर्षभर अर्ज करत फिरले. बाबा म्हणाले, "सोड आता." मी कुठली सोडतेय.

मग एकदा भाजीच्या रांगेत लॉन्ड्रीतली इस्त्रीवाली भेटली, आत्याची जोडीदारीण. मला बघून रडायलाच लागली. म्हणाली, "फॉर्म तिनंच तसा भरून घेतला गं. साहेब म्हणाला, इथं लागला असं लिहिलं तर लॉन्ड्री बंद, काम बाहेर देणार, तुम्ही पाचजणी घरी बसा. तुझं नाव तिनंच सांगितलं. म्हणाली, भिंगरीचं घाला, पोरगी भांडखोर आहे, तिला कुणी काही करू शकत नाही."

सही करताना जरा तरी थांबली का ती, मी विचारलं.

नाही म्हणाली.