क्रेस्तोवोच्या धक्क्यावरचा पाव

ग्लाफिरा साविश्नाला राग यायला कारण लागत नाही, असं क्रेस्तोवोत म्हणत. म्हणणाऱ्यांचं काय जातं! जी बाई वीस वर्षं पहाटे उठून परक्या माणसांसाठी पाव भाजते, आणि जिच्या पावाला नावं ठेवण्याची कुणाची छाती झाली नाही, तिला एक दिवस कुणीतरी येऊन 'आता नको' म्हणतो. तिनं काय, हसून टाळ्या वाजवायच्या?

व्होल्गेवरचा बर्फ फुटला की मे महिन्यात पर्यटकांच्या बोटी सुरू होतात. मॉस्कोकडून येतात, उग्लिच करून आमच्याकडे, आणि आमच्याकडून यारोस्लाव्हलला. तीन तास थांबतात. लोक देवळाचे घुमट बघतात, शाली घेतात, मासे हुंगून नाकं मुरडतात आणि जातात. पण या सगळ्याच्या आधी, बोटीतून पाऊल खाली पडताच, त्यांच्यासमोर ग्लाफिरा असायची. लाल झगा, डोक्यावर मण्यांचा मुकुट, हातांवर भरतकामाचा पांढरा पंचा, पंचावर मोठा गोल पाव आणि पावाच्या मधल्या खळग्यात मिठाची वाटी. पाहुण्यानं तुकडा मोडायचा, मिठाला लावायचा, खायचा. परदेशी लोकांना ती गंमत वाटे. ग्लाफिराला ती कधीच गंमत वाटली नाही. आपल्या हातचं पाव-मीठ ज्यानं खाल्लं त्याच्याशी वैर धरायचं नाही, त्याच्यावर दार लावायचं नाही, हा तिच्या आईचा नेम, आणि आईच्या आईचाही. खाल्ल्या मिठाला खाणारा जागो न जागो, देणाऱ्यानं जागायचंच. एकदा धक्क्यावरच्या एका दारुड्यानं पाहुण्यांच्या घोळक्यात घुसून तुकडा मोडला, तर तो पुढे सबंध उन्हाळा तिच्या ओसरीवर झोपायचा आणि ही त्याला शिव्या देत देत सूप वाढायची.

त्या वर्षी धक्क्याचं कंत्राट एडिककडे गेलं. हा एडिक गावातलाच, शाळेत असताना तिच्या मागल्या अंगणातली सफरचंदं चोरणारा. पहिल्या बोटीच्या आदल्या दिवशी तो खोकं घेऊन आला आणि त्यातून एक पाव काढला. पाव कसला, देखावा! वरती पिठाची फुलं, गव्हाच्या लोंब्या, वेण्या, दोन पाखरं, आणि सगळ्यावर चकचकीत रोगण. ग्लाफिरानं बोटानं टिचकी मारली. टक् वाजलं.

"हे काय आहे?"

"पाव आहे, ग्लाशामावशी. मीठ घातलेल्या पिठाचा, दगडासारखा भाजलेला. तालुक्याहून करून आणलाय. पाच वर्षं टिकेल."

"खायचा कसा?"

"खायचा नाहीच मुळी. फोटो काढायचा. बाजूला ताटलीत दुकानातल्या पावाचे तुकडे ठेवू, काड्या टोचून. एकाच पावात शंभर हात जातात, बोटवाले तक्रार करतात. दिवसाला तीन तीन बोटी. तुम्ही तरी किती भाजणार? तुमचं वय—"

"माझ्या वयाला हात लावू नकोस, एडिक. तुझा शेंबूड पुसलाय मी."

"म्हणून तर तुमचा त्रास वाचवतोय ना!"

"माझा त्रास वाचवतोस? उद्या पाहुण्यांना जेवायला मेणाची कोंबडी ठेव. परवा दारूच्या पेल्यात रंगाचं पाणी. आणि तुझ्या बायकोलाही रोगण मार, तीही पाच वर्षं टिकेल!"

एडिक कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला, पण खोकं तिथंच ठेवून गेला. धक्क्यावर अकॉर्डियन वाजवणारा म्हातारा प्रोखोर बाकावर बसून हे ऐकत होता. तो म्हणाला, "सोडून दे की, ग्लाशा. घरी बस. एडिकची मेहुणी टपूनच बसलीय, तिला तो झगा छान दिसेल."

झालं! मेहुणीचं नाव काढल्यावर ग्लाफिरा कशाला घरी बसते? दुसऱ्या दिवशी ती झगा घालून, मुकुट चढवून, तो रोगणी दगड हातात घेऊन उभी राहिली. हसली मात्र नाही. उन्हाळाभर तिनं त्या पावामागून असा चेहरा दाखवला की फोटोत पाहुण्यांपेक्षा एडिकचीच लाज निघावी. घरची भट्टी तिनं बंद केली. माझ्या पावाला कुणी विचारत नाही ना, मग मीही खात नाही, अशी ती आडमुठी तऱ्हा. वरून तिला आतल्या आत हेही कळत होतं की ती दोन पाखरं फार सुबक आहेत, आपल्याला तशी कधी जमली नसती. त्याचाही राग.

पण एडिकवरचा राग म्हणजे वरवरचा. खरा राग जुना होता आणि त्याचं नाव रोदिओन. तिचा धाकटा भाऊ. बंदरावरच्या नोकरीसाठी तो उत्तरेला मुर्मान्स्कला गेला, तिकडेच राहिला. आई अंथरुणाला खिळली तेव्हा आला नाही. आई गेली तेव्हाही आला नाही. अंथरुणातल्या दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीत मेली बिचारी. जमीन इतकी गोठलेली की खड्डा खणायच्या आधी दिवसभर वर लाकडं जाळावी लागली. ती लाकडं ग्लाफिरानं ओढून नेली. रोदिओननं फोन केला, "वाटा बंद आहेत, ग्लाशा." ती म्हणाली, "मग बंदच राहू देत," आणि फोन आपटला. त्यानंतर त्याचे फोन आले, तिनं उचलले नाहीत. त्याला अकरा वर्षं झाली. दारात आलाच तर काय बोलायचं ते तिनं घोकून ठेवलं होतं. एकच वाक्य, आणि मग दार तोंडावर.

पण तो दारात आला नाही. ऑगस्टमध्ये एका दुपारी बोट लागली, प्रोखोरनं वाजवायला सुरुवात केली, जर्मन म्हातारे-म्हाताऱ्या टोप्या सावरत उतरू लागले, आणि त्यांच्या मागे एक पाठीत वाकलेला, दाढी पिकलेला माणूस फळीवरून खाली आला. त्याच्या चालण्यावरून तिनं ओळखलं. डावा पाय बाहेर टाकत चालायचा, बापासारखा.

तिच्या एका क्षणात सगळं लक्षात आलं. लबाड! दारात आला असता तर दार मिळालं नसतं, म्हणून हा पाहुणा होऊन आलाय. धक्क्यावर उतरेल त्याला ती पाव देणार, कुणालाही नाही म्हणू शकणार नाही, आणि एकदा तुकडा पोटात गेला की आईच्या नेमानं तिचे हात बांधले. अकरा वर्षांचा राग एका घासात गिळायला निघाला होता! आणि मग तिला हातातलं वजन जाणवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला एडिकचा पाव आवडला. ये, बाळा, ये. मोड तुकडा.

रोदिओन समोर उभा राहिला. टोपी काढली. छातीवर क्रुसाची खूण केली. बाकीचे फोटो काढून, ताटलीतल्या काड्या उचलून पुढे गेले होते. आमच्या मातीत जन्मलेल्या माणसाला पंचावरचा पाव दिसला की तो हात घालणारच. ताटलीकडे त्याचं लक्षही गेलं नाही. त्यानं कडेला बोटं रुतवली. पाव मोडेना. त्यानं दोन्ही हात लावले. एका पाखराचं डोकं तुटून खाली पडलं आणि रोदिओनचं नख मुळापासून उलटलं. रोगणावर रक्ताची रेघ उमटली.

त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती तशीच उभी, ताठ.

"समजलो, ग्लाशा," तो हळू आवाजात म्हणाला. "माझ्यासाठी असाच भाजायला हवा होता. बरोबर केलंस." आणि टोपी घालून तो पुन्हा फळीकडे वळला.

बघा, जिंकली होती ती! घोकलेलं वाक्यसुद्धा खर्च करावं लागलं नव्हतं. दोन पावलं अजून, आणि तो बोटीत गेला असता, आणि मरेपर्यंत त्याच्या मनात राहिलं असतं की बहिणीनं आपल्यासाठी दगड भाजला. बहिणीनं! साव्वासारख्या बापाच्या पोरीनं! जिनं दारुड्यालाही कच्चा तुकडा दिला नाही, तिनं पाहुण्याच्या हातात खोटा पाव ठेवला, असं हा गाढव समजून चालला होता. ग्लाफिराच्या डोक्यात रक्त चढलं.

"ए! थांब!" ती एवढ्यानं ओरडली की प्रोखोरचा सूर चुकला. "हा माझा नाहीये! ऐकतोस का, बहिऱ्या? असलं मी भाजत नाही! तुझ्यासाठीही नाही!"

तिनं पंचा झटकला आणि ते दगडी सौंदर्य फुलांसकट, लोंब्यांसकट व्होल्गेत भिरकावलं. डुबुक झालं आणि संपलं. मिठाची वाटी धक्क्यावरून गडगडत गेली.

"मावशी! अहो, केलंत काय हे!" एडिक धावत आला. "पुढची बोट पाच वाजता आहे!"

"तिला तुझी मेहुणी दे!"

जर्मन लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमच वाटला. ग्लाफिरानं भावाची बाही पकडली आणि झगा-मुकुटासकट त्याला बाजारातून ओढत घरी नेलं.

घरात पाव नव्हता. कित्येक महिन्यांत भाजलाच नव्हता ना! तिनं मुकुट काढून बाकावर फेकला, भट्टीत लाकडं कोंबली, परातीत पीठ ओतलं, खमीर कोमट दुधात कालवलं. रोदिओन दाराशीच उभा होता, बोट तोंडात धरून.

"उभा काय राहिलास खांबासारखा? बस. त्या बोटाला फडकं बांध. तुला माफ केलंय असं समजू नकोस."

"नाही समजत."

"मी धक्क्यावर पाव घेऊन उभी असते हे कुणी सांगितलं?"

"बोटीच्या जाहिरातीत तुझा फोटो होता. पाव घेऊन. खऱ्या पावाच्या वेळचा होता वाटतं."

"आणि डोकं चाललं! पाहुणा होऊन जाऊ, फुकटात सुटू." ती पिठाला मुठीनं असं हाणू लागली की टेबल हललं. "तुला माहितेय आई काय करायची? नोव्हेंबरात विहिरीपाशी बर्फावर पडली. कमरेतून उठलीच नाही. तिची खाट मी खिडकीशी नेली, कारण तिला नदी बघायची होती. रोज विचारायची, 'बोट आली का? रोद्या असेल तिच्यात.' नदी गोठलेली होती, रोद्या! लोक वरून ट्रक नेत होते, भोकं पाडून मासे धरत होते! आधी मी सांगायचे, अगं कसली बोट. मग ती रडायची. मग मी सांगायला लागले, उशीर झालाय, उद्या येईल. मी खोटं बोलले! रोज! तुझ्यापायी मेल्या बाईशी—मरणाऱ्या बाईशी खोटं बोलले!"

"मला भीती वाटत होती, ग्लाशा. वाटा बंद नव्हत्या. तिला तशी बघवली नसती मला."

"आणि मला बघवत होती?"

त्यानं मान खाली घातली आणि त्याचे खांदे हलू लागले. तिनं त्याला जवळ घेतलं नाही. पिठाचा गोळा परातीत टाकला, वर फडकं घातलं, परात भट्टीजवळ सरकवली आणि हात कमरेवर ठेवून पुन्हा सुरू झाली. कूस बदलताना आई कशी किंचाळायची ते सांगितलं. डॉक्टर कसा तीनदा बोलावून एकदा आला ते सांगितलं. फेब्रुवारीत लाकडं संपली तेव्हा कुंपण कसं जाळलं ते सांगितलं. तो ऐकत होता. एकदाही 'पुरे' म्हणाला नाही.

नदीवरून बोटीचा भोंगा वाजला. रोदिओन अर्धवट उठला.

"माझं सामान आहे बोटीवर," तो म्हणाला. "औषधंसुद्धा."

"यारोस्लाव्हलला उतरवून ठेवतील. प्रोखोरचा पुतण्या गाडी घेऊन जाईल आणि घेऊन येईल. तू बस खाली. पीठ अजून फुगलं नाहीये, आणि माझा पहिलाच हिवाळा सांगून झालाय."