चार डोक्यांचं मशीन

माझं शिक्षण झालं ते मामींमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, आणि मामींना तर सातवीतच शाळेतून काढलेलं. तरी दहावीनंतर मला परभणीकडून मीरा रोडला आणायचं, आपल्या वन रूम किचनमध्ये ठेवायचं आणि बीएस्सी होईपर्यंत "याला कुठंतरी चिकटवू" हा विषय घरात निघू द्यायचा नाही, हे त्यांनीच ठरवलं आणि पार पाडलं.

मीरा रोडच्याच हाटकेश भागातल्या एका गाळ्यात त्यांचं भरतकामाचं मशीन होतं. दुसऱ्याकडून जुनं घेतलेलं, चार डोक्यांचं. म्हणजे एकच नक्षी एका वेळी चार कापडांवर उतरायची. घरात अभ्यासाला जागा नसे, म्हणून मी गाळ्यातल्या ताग्यांवर बसून वाचायचो. त्या खडखडाटाची इतकी सवय झाली होती की धागा तुटून आवाज बदलला की माझी मान आपोआप वर व्हायची. मामी म्हणायच्या, "कान इथं अन् डोळे तिथं. पास कसा व्हणार रे तू?"

झालो. भाईंदरच्या एका कारखान्यात तपासणीच्या कामावर लागलो, आणि त्याच वर्षी गावी मामींच्या आईला अर्धांगवायू झाला. मामी तिकडे गेल्या. इकडे मशीन आधीच बंद पडलं होतं.

त्या मशीनला नक्षी फ्लॉपीवरून द्यावी लागे, तीही जुन्या, कमी क्षमतेच्या. तशा फ्लॉप्या बाजारातून गेल्या होत्या. नव्या फ्लॉपीच्या कोपऱ्यात एक चौकोनी भोक असे. ते बुजवलं की मशीन तिला जुनी समजून घेई. मामी त्यावर सेलोटेप लावत, आणि टेप संपली असेल तर कपाळाची टिकली. पण आता फ्लॉपी वाचणारा भागच झिजला होता. दहादा घातली तर एकदा वाचे.

मामांनी जुनी मशिनं घेणारा एक व्यापारी गाठला. त्यांचंही चुकीचं नव्हतं, बंद गाळ्याचं भाडं जातच होतं. मामींनी गावाहून फोनवर एवढंच सांगितलं, "भाच्याला आधी बघू द्या." मग मामा मला म्हणाले, "व्यापारी पुढच्या रविवारी येतोय. चाललं तर राहील, नाही तर जाईल." मशीन गेलं असतं तर गाळा गेला असता, आणि मामींना परत येऊन घरात बसावं लागलं असतं. त्यांना नुसतं घरात बसणं जमत नाही, हे मामांनाही माहीत होतं.

त्या सुमारास फ्लॉपीच्या जागी बसणारा एक डबा मिळू लागला होता. त्यात पेन ड्राइव्ह घालायचा. मशीनला वाटतं फ्लॉपीच आहे. ओळखीचा एक मिस्त्री बोलावून तो बसवला. नक्षी पहिल्याच प्रयत्नात पडद्यावर आली. आमच्या विहाराला निळ्या कापडावर धम्मचक्र हवं होतं, म्हणून तेच काढायला घेतलं.

चक्राचं वर्तुळ जिथे सुरू झालं तिथे परत येऊन मिळालं नाही. दोन टोकांमध्ये तांदळाच्या दाण्याएवढी फट राहिली, आणि डावीकडचे आरे कडेला टेकलेच नाहीत. चारही कापडांवर तसंच.

"भाई, ये नये डब्बे का लफडा है," मिस्त्री म्हणाला. "बूढे मशीन को पिज्जा खिलायेगा तो हजम कैसे होगा?"

मामा दारात उभे होते. "बघा, बीएस्सी साहेब. चांगल्या मशीनची वाट लावली."

"मामा, ते बंद होतं."

"बंद होतं, पण वाकडं तर काढत नव्हतं!"

मिस्त्री हसला. मला हसू आलं नाही. व्यापारी यायला फार दिवस उरले नव्हते.

मी डबा काढायला लावला आणि जुना भाग परत जोडला. बऱ्याच खटपटीनंतर फ्लॉपी एकदाची वाचली गेली. तेच चक्र पुन्हा काढलं. फट तशीच, त्याच बाजूला. मिस्त्रीनं दोन्ही कापडं एकावर एक धरून ट्यूबलाइटकडे केली. "सेम टू सेम है," तो म्हणाला. डब्याचा दोष नव्हता.

भिंतीवरच्या खिळ्याला मामींचे नमुने टांगलेले होते. वेली, कोयऱ्या, गुलाब. मी ते खाली काढून नीट पाहिले. प्रत्येक फुलात पाकळीचा भरलेला रंग डावीकडच्या कडेपासून तेवढाच सुटलेला होता. पानांच्या गर्दीत ते कुणाच्या नजरेला आलं नव्हतं, कारण मशीनकडे आजवर कुणी साधं वर्तुळ मागितलंच नव्हतं.

कापड ताणून धरणारी चौकट हातानं हलवून पाहिली. पुढे-मागे घट्ट होती, डावी-उजवीकडे किंचित खेळत होती. मिस्त्रीनं खालचं झाकण उघडलं. चौकट ओढणाऱ्या पट्ट्याचे दात झिजले होते. "ये तो बरसों का है," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी नवा पट्टा घेऊन आला. डबा पुन्हा बसवला. चक्र काढलं. टोकं मिळाली.

रात्री गावाला फोन लावला. "मामी, झालं. वर्तुळ गोल आलं."

"फोनवर समदं गोलच असतंय बाबा," मामी म्हणाल्या. "कापड पाठव."

मी पाठवलं. सोबत हे पत्र होतं:

ती. मामींना सप्रेम जयभीम.

कापड सोबत आहे. मागच्या बाजूनेही बघा, गाठी कमी आहेत. चौथं डोकं मधूनच धागा तोडतं, म्हणून ते बंद ठेवलं आहे; तीन चालतात. वेग कमी ठेवला आहे. फ्लॉपी आता लागणार नाही, पेन ड्राइव्ह कसा घालायचा ते तुम्ही आल्यावर दाखवतो, अवघड नाही.

एक गोष्ट फोनवर सांगायची राहिली. तुमच्या जुन्या नमुन्यांतही ही फट आहे. पण ती तुमच्या हाताची चूक नाही, पट्टा मशीन घेतलं तेव्हापासूनच झिजलेला असावा. मला हे पट्ट्यापर्यंत शोधत जाता आलं, कारण तुम्ही मला शिकू दिलंत. हे समोर बोलायला जमत नाही, म्हणून लिहितो.

व्यापाऱ्याला मामांनी काल नको म्हणून कळवलं. मी त्यांना काही म्हटलं नव्हतं. चक्र बराच वेळ हातात धरून बसले आणि मग त्यांनीच फोन लावला.

आजी उठून बसेपर्यंत येण्याची घाई करू नका. मशीन जागेवर आहे.

आपला भाचा