आमच्या सुनेचं सल्ल्याचं दुकान

पापडाच्या डब्यात तळाला चुरा साचतो का न्हाई? कुणी मुद्दाम टाकीत न्हाई, पण डबा हलला की साचतोच. किस्स्यांचं पण तसंच हाय बघा. आमच्या घरात सुनेनं धंदा काढला आन डबा लई हलला! पापड लोकांनी खाल्ले, चुरा माझ्या वाट्याला आला. तो आता तुमच्यापुढं ठेवते.

सून म्हणजे शिवलीला. खायच्या वस्तू टिकवायचं शास्त्र शिकलेली, पुण्याला बिस्किटाच्या कंपनीत मोठ्या जागेवर होती. माझा पोरगा महेश बँकेत. त्याची बदली लातूरला झाली तशी हिनं नोकरी सोडली, आमच्या बैठकीत टेबल टाकलं आन दारावर पाटी लावली, 'फूड कन्सल्टंट'. पापड, लोणचं, फरसाण करणारांनी यायचं, माल का बिघडून राहिला ते इचारायचं, फी द्यायची आन जायचं.

कंपनीचे साहेब भले माणूस. म्हणाले, "मॅडम, दिवाळीपर्यंत तुमची खुर्ची राखून ठेवतो. जमलं नाही तर परत या."

परत जायचं म्हणजे ती आन नात पुण्याला, मी आन महेश लातुरात. एका घराच्या दोन चुली. मी तोंडानं म्हणायची, "जा की माय, मला टीव्ही तरी बघायला मिळंल!" पण दिवाळीला किती दिवस राहिले ते कॅलेंडरात रोज मोजायची.

आन अडचण काय, तर आमच्या मराठवाड्यात सल्ला फुकट! दाढ दुखते म्हणा, रस्त्यावर चार जण औषध सांगतील. पाचवा चहा पाजून सांगंल. असल्या गावात सल्ला इकत कोण घेणार?

०

पहिलं गिऱ्हाईक सरस्वतीबाई. लोणचं करून इकायची. तिच्या बरण्यांना बुरशी यायची. शिवलीलानं तिला सगळं समजावून सांगितलं. कैरी कशी पुसायची, मीठ किती, बरणी कशी तापवायची. सकाळ त्यातच गेली. मधे पोहे झाले, चहा झाला.

बाई उठली. आता ती सवाष्ण, आन आमच्या घरी पहिल्यांदाच आलेली. शिवलीलानं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं बघितलं. रीत ती रीत! कुंकू लावलं, खण-नारळानं ओटी भरली.

फी घ्यायची राहिली बाजूला, हिनंच घरचं दिलं! सरस्वतीबाई एकदम खुश. दारातून म्हणती, "अक्का, माझ्या जावेचा मसाल्याचा धंदा हाय. तिला पण घेऊन येते!"

म्हणलं, "आण बाई आण. पण आधी मला खणाचं दुकान काढू दे!"

०

मग मी कायदा केला. बैठकीत बसंल ते गिऱ्हाईक, स्वयंपाकघरात बसंल तो पाहुणा. गिऱ्हाइकाला पाणी आन सल्ला. पाहुण्याला चहा आन गप्पा. दोन्ही एका जागी मिळायचं न्हाई!

माझ्या जावेचा भाऊ, भीमाशंकर आप्पा. उदगीरला त्याचं फरसाणचं दुकान. चिवडा खवट होऊन राहिला म्हणून हैराण. पण फी द्यायची म्हणलं की ह्याच्या पोटात दुखतंय. आला तो सरळ चपला काढून स्वयंपाकघरात.

"आपण तर घरचीच माणसं, अक्का! पोरगी हाय का घरात? सहज इचारायचं होतं."

"हाव की, घरचंच तू! बस." मी पाट दिला आन पुढं लसणाची टोपली ठेवली. "मसाल्याला लसूण लागतोय बाबा. घरच्या माणसाला काय लाजायचं? सोल!"

आप्पा सोलू लागला. टोपली मोठी. नखं पिवळी झाली, डोळे चुरचुरले. मधेमधे "शिवलीला कुठं गेली?" म्हणून इचारायचा. मी म्हणायची, "येईल की. तवर सोल."

शेवटी टोपली बाजूला सारून उठला, हात झटकले आन म्हणला, "अक्का, मी बैठकीतच बसतो. फी काय असंल ती असू द्या!"

शिवलीलानं चिवड्याचा वास घेतला आन लगेच सांगितलं, "आप्पा, कालच्या तेलात आजचं तेल मिसळता ना?" आप्पानं कान पकडले, आन सुधारला पण. आता उदगिरातून जे येतंय ते त्याचं नाव सांगत येतंय, आन आल्याबरोबर इचारतंय, "बैठक कोणती? आम्हाला बैठकीतच बसायचंय!"

०

एकदा नांदेडच्या पापडवाल्या शेठकडं जायचं होतं. त्याचे पापड पाकिटातच तुकडे व्हायचे. शिवलीला म्हणाली, "चला अक्का, तेवढीच हवापालट." गेलो.

शेठनं एकदा माझे पांढरे केस बघितले, एकदा तिची पंजाबी ड्रेसमधली मूर्ती बघितली, आन खुर्ची मला दिली. "या मॅडम, बसा! ही असिस्टंट का?"

शिवलीला तोंड उघडणार, तेवढ्यात मी तिला चिमटा काढला. बसले ऐटीत! एक पापड उचलला, उजेडात धरला, कानाजवळ नेऊन मोडला. डोळे मिटले.

"हं," म्हणलं.

झालं! शेठला घाम फुटला. "मॅडम, कळलं का तुम्हाला? खरं सांगतो, जरा गरम गरमच भरतो आम्ही. ऑर्डर जास्त असती."

मी दुसरा पापड मोडला. "हंऽऽ."

"आन पंखे लावून वाळवतो. ऊन न्हाई देत. आन पीठ पण... मागल्या साली चक्की बदलली."

शिवलीला खाली मान घालून लिहून राहिली. सगळं लिहून झाल्यावर मग तिनं तोंड उघडलं आन शेठला एकेक गोष्ट अशी समजावली की तो खुर्ची सोडून तिच्यापुढं उभा राहिला. खरी मॅडम कोण ते त्याला कळलं.

गाडीत बसल्यावर ती हसून हसून लोळली. "अक्का, एवढं तर मला दिवसभर इचारून पण सांगितलं नसतं त्यानं!"

पुढल्या टायमाला ती एकटी गेली. शेठनं दोघींसाठी नाश्ता मांडला होता. तिला म्हणतो, "तुमचं सांगणं पटतंय मॅडम. पण मोठ्या मॅडम एकदा हं म्हणाल्या असत्या म्हणजे बरं झालं असतं!"

०

पण दिवाळी जवळ आली तसं महेशचं तोंड उतरू लागलं. त्यात हिनं एक गिऱ्हाईक घालवलं.

हिमायतनगरचा एक माणूस आला. मेव्हण्यानं केळीच्या चिप्सचा कारखाना काढला म्हणून ह्याला पण काढायचा. जागा बघून ठेवलेली, मशीन ठरवलेलं. शिवलीलानं सगळं तपासलं आन म्हणाली, "दादा, नका करू. तुमचा मेव्हणा तिथंच हाय. दोघं पण बुडाल."

माणूस तापला! "नको म्हणायची फी घेताय? नको तर माझी बायको फुकट म्हणतीया!" पैसे टेबलावर आपटले आन निघून गेला.

महेश म्हणला, "अगं, थोडं गोड बोलली असतीस."

ती म्हणाली, "गोड बोलून त्याचं शेत गहाण पडलं असतं." आन आत जाऊन पडून राहिली. त्या दिवशी मी पण थट्टा केली न्हाई.

तो माणूस मात्र गावभर बोंबलत सुटला, "लातूरच्या बाईनं मला नको म्हणलं, आन पैसे पण घेतले!" जो भेटंल त्याला तेच.

थोड्या दिवसांनी बिलोलीकडचे एक म्हातारे पाहुणे आले. धोतर, फेटा, बरोबर नवा कोरा जावई. जावयाला बैठकीत बसवलं, स्वतः माझ्या मागं स्वयंपाकघरात आले आन हळूच म्हणाले, "माय, नको म्हणणाऱ्या मॅडम त्या ह्याच ना?"

"हाव. का बरं?"

"जावयाला सोड्याच्या बाटल्यांचा कारखाना काढायचाय, माझ्या जिवावर! जावयाला न्हाई म्हणायची आमच्यात टाप न्हाई कुणाची. तुम्ही म्हणा. फी मी आधीच देतो!"

शिवलीला काय ऐकती! म्हणाली, "आजोबा, आधी कागद बघते. चांगलं असलं तर हाव म्हणीन." बघितलं. आन जावयाला म्हणाली, "कारखाना नको, पण एवढं एक छोटं मशीन घ्या, आधी तालुक्यात इकून दाखवा." जावई खुश! आजोबा त्याच्यापेक्षा खुश!

तेव्हापासून सासरे लोकांची रांग लागली बघा!

०

आन ही गोष्ट लक्ष्मीपूजनाची. आमच्या मालकांचं भुसार दुकान होतं. ते गेले, दुकान गेलं, पण त्यांचा तराजू मी दरसाली पाटावर मांडते. ज्याचा जो धंदा त्याचं अवजार पुजायचं. शिवलीला पाटापुढं येऊन उभी राहिली.

"अक्का, माझं काय मांडू?"

महेश म्हणला, "लॅपटॉप मांड."

"त्याच्यावर तुझी लेक कार्टून बघती!" मी म्हणलं. "ते कसलं अवजार?"

"मग हे, ओलावा मोजायचं यंत्र?"

"ते मोजतंय नुसतं. सांगतंय कोण?"

मी दुसरा पाट वढला, तराजूशेजारी टाकला आन शिवलीलाला धरून त्याच्यावर बसवलं. हळद लावली, कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल ठेवलं. नात घंटी वाजवू लागली.

"अक्का, फूल टोचून राहिलंय!"

"गप! अवजार बोलत नसतंय!"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मीच उचलला. पुण्याचे साहेब.

"नमस्कार! शुभ दीपावली. मॅडम आहेत का? त्यांच्या खुर्चीचं विचारायचं होतं. मग पाठवताय ना परत?"

मी शिवलीलाकडं बघितलं. नाकापर्यंत कुंकू आलेलं, हसू पार थांबलेलं. डोक्यावरचं फूल पडू न देता तिनं हळूच मान हलवली. न्हाई म्हणून.

"साहेब," मी म्हणलं, "ती पूजेत हाय."

"बरं बरं! पूजा झाली की फोन करायला सांगा."

"पूजा करून राहिली न्हाई हो, पाटावर मांडलीय! आन लक्ष्मीपूजनाला मांडलेली वस्तू आमच्यात घराबाहेर देत न्हाईत!"