लाल तळहात आणि सहा नंबरचं मशीन

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. घरातल्या रिकाम्या बरण्यांसारखे ते साठत जातात. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागाही नसते. आमच्या ऑफिसातले किस्से मी नवऱ्याला सांगायचे. तो पेपर खाली न करता "हं" म्हणायचा. म्हणून आता तुम्हाला सांगते. थोडं इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या. त्या दिवसांत माझं निम्मं डोकं ऑफिसात असायचं आणि निम्मं बदलापूरला, कात्रपच्या घरी मुलापाशी. दोन्हीकडे निम्मंच चालायचं!

अंबरनाथच्या आनंदनगरमध्ये आमची कंपनी. बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनवायची. मी परचेसला. ऑफिसात इंटरनेट आलं तेव्हा पेढे वाटले होते. पुढच्या सहा महिन्यांत दुपारी सगळे इतके मन लावून स्क्रीनकडे बघायला लागले, की बाहेरच्या माणसाला वाटावं, काय मेहनती स्टाफ आहे!

आमचे मॅनेजर लछवानी साहेब उल्हासनगरचे. पन्नाशीचे, गोल, आवाज मोठा, मन त्याहून मोठं; पण ते कळायला मला दोन वर्षं लागली. एका दुपारी साहेबांनी सगळ्यांच्या खुर्च्यांमागून गुपचूप फेरी मारली. एका स्क्रीनवर मासे, एका स्क्रीनवर मेंदी, एका स्क्रीनवर क्रिकेट.

"साईं, ये ऑफिस है के जत्रा? छंद घर पे, काम इधर!"

पुढच्या आठवड्यात फिल्टर बसला. नको ती साईट उघडली की स्क्रीन पांढरा व्हायचा आणि मधोमध भला मोठा लाल तळहात यायचा. ट्रॅफिक पोलीस दाखवतो तसा. खाली इंग्रजीत, अ‍ॅक्सेस डिनाइड.

"आधी बाटलीला झाकण लावत व्हतो," स्टोअरचे म्हात्रे काका म्हणाले, "आता विंटरनेटला पन लावला!"

* * *

फिल्टरची किल्ली होती गायकवाडकडे. हा आमचा सिस्टिमवाला. वय पंचवीस, इस्त्रीचा शर्ट, आणि नियम म्हणजे नियम. त्याने एक फॉर्म छापून आणला. साईट उघडून हवी असेल तर नाव, मशीन नंबर, साईटचा पत्ता आणि शेवटी एक मोठा रकाना: 'कामाशी संबंध'. त्याखाली लछवानी साहेबांची सही.

शिवाय दर शनिवारी तो आठवडाभर अडवलेल्या साईट्सची यादी छापून हजेरीच्या पंचिंग मशीनशेजारच्या बोर्डावर लावायचा. मशीन नंबर, साईट, किती वेळा प्रयत्न केला. नाव नसायचं, पण कुठलं मशीन कुणाचं हे चहावाल्यालाही पाठ होतं! पंच करताना रांग का अडते म्हणून बघावं, तर सगळे यादी वाचत उभे.

आणि ऑफिसात एक खूळ सुरू झालं. कुणाला कशाला नाही म्हणायचं असलं की समोर तळहात धरायचा आणि म्हणायचं, "बंद!" उसना पेन मागितला, बंद! शनिवारी थांबशील का, बंद! मीही ते घरी नेलं. माझा चिनू, सव्वादोन वर्षांचा, गॅसकडे निघाला की मी तळहात धरायचे, "बंद!" मिक्सरकडे निघाला, "बंद!" सासूबाई म्हणायच्या, "पोराला बाराखडी शिकवायची सोडून हे काय ट्रॅफिक चालवलंयस?"

* * *

पहिला फॉर्म म्हात्रे काकांचा. काका बारवी धरणाकडच्या गावातले. घरची भातशेती, अंगात नोकरी आणि डोक्यात मासे. सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन ओढ्यावर बसायचे. परदेशातले लोक गळाला कसलं आमिष लावतात, ते दाखवणारी एक साईट त्यांना सापडली होती. इंग्रजी येत नव्हतं, पण फोटो बघून समाधान.

'कामाशी संबंध' या रकान्यात काकांनी लिहिलं: "गळाला दोरा लागतो. आपल्या पॅकिंगलाही दोरा लागतो."

साहेबांनी लाल पेनने शेरा मारला: "फिर पॅकिंग का साईट देखो."

काका हार मानणारे नव्हते. सोमवारी त्यांनी डबाभर माशाचं कालवण आणलं आणि गायकवाडच्या टेबलावर ठेवलं. "खा पोरा. मना काय नको. तू फक्त खा."

गायकवाडने डबा चाटूनपुसून खाल्ला. बोटंसुद्धा सोडली नाहीत. दुसऱ्या दिवशी डबा घासून, स्वच्छ पुसून परत आणला.

"काका, कालवण एकदम ए वन!"

"मंग?"

गायकवाडने तळहात वर केला. "बंद."

* * *

रिसेप्शनवरची शिल्पा मेंदी काढायची. लग्नसराईत तिला श्वास घ्यायला वेळ नसायचा. तिच्या डिझाइनची साईट बंद झाली, पण तिने फॉर्म वगैरे भरला नाही. शेजारच्या प्लॉटवरच्या कंपनीत तिची मैत्रीण होती, तिकडे फिल्टर नव्हता. मैत्रीण तिकडे डिझाइनचं प्रिंट काढायची आणि आमच्या फॅक्सवर पाठवून द्यायची!

एक दिवस फॅक्सवर नव्या झाकणाचं ड्रॉइंग आलं, तीन पानांचं. मी ते उचललं, पिन मारली आणि साचे बनवणाऱ्या टूलरूमला पाठवलं. माझं लक्ष नव्हतं हे मान्य आहे. त्या सकाळी चिनूला ताप आल्यासारखं वाटत होतं, मी सासूबाईंना चौथ्यांदा फोन लावत होते. (ताप नव्हता. स्वेटर होता.)

दुपारी टूलरूमचे फोरमन स्वतः वर आले. हातात माझे कागद. तीन नाही, चार. चौथ्यावर मनगटापासून कोपरापर्यंत वेलबुट्टी आणि कोयऱ्या.

"मॅडम, तीन पानं समजली. सकाळपासून आम्ही दोघं या चौथ्यावर बसलोय. या कोयरीचा डायमीटर कुठून घ्यायचा?"

मी शिल्पाकडे बघितलं. शिल्पा फोन वाजत नसताना रिसीव्हर कानाला लावून "हॅलो, हॅलो" करत होती!

* * *

साहेबांचीही गंमत झालीच. आमचं एक मोठं गिऱ्हाईक मुलांचे पोस्टर कलर बनवायचं. त्यांचे मालक एकदा साहेबांच्या केबिनमध्ये आले. म्हणाले, "आमची नवी वेबसाईट बघितली का? नवीन बाटल्या सगळ्या त्यात आहेत."

"देखी नहीं? रोज देखता हूँ!" साहेब म्हणाले आणि मोठ्या ऐटीत पत्ता टाइप करून स्क्रीन पाहुण्यांकडे फिरवला.

लाल तळहात!

रंग म्हणजे चित्रकला, चित्रकला म्हणजे छंद. फिल्टरला काय कळतं गिऱ्हाईक कोण ते! साहेबांनी बेल दाबली. गायकवाड आला, शांतपणे स्क्रीन बघितला आणि खिशातून घडी केलेला फॉर्म काढून टेबलावर ठेवला.

"साहेब, 'कामाशी संबंध' लिहावा लागेल."

साहेबांनी पाहुण्यांसमोर तो फॉर्म भरला. रकान्यात लिहिलं, "यही तो काम है!" खाली स्वतःच्याच फॉर्मवर स्वतःची सही. पाहुणे इतके हसले की ऑर्डर वाढवून गेले.

* * *

आता माझं.

चिनू बोलत नव्हता. आई नाही, बाबा नाही, पाणी नाही. सगळं कळायचं, आणायला सांगितलेलं आणायचा, बोट दाखवायचा, हसायचा. पण तोंडून शब्द नाही. डॉक्टरांनी कान तपासले होते. "ऐकू छान येतंय. त्याच्याशी भरपूर बोला. अडीच वर्षांपर्यंत बघू, मग पुढच्या तपासण्या करू," म्हणाले. सासूबाईंनी बजावलं होतं, "बाहेर बोलू नकोस, लोक नावं ठेवतात." मी बी.कॉम. शिकलेली, आणि रोज स्वतःलाच विचारायचे, मी नोकरी करते म्हणून तर नाही ना? मी त्याच्याशी कमी बोलते का? की जास्त बोलते, म्हणून त्याला संधीच मिळत नाही?

मग मला आयांची एक साईट सापडली. गावोगावच्या आया तिथे आपापली काळजी लिहायच्या, दुसऱ्या उत्तरं द्यायच्या. माझ्यासारख्याच एकीने लिहिलं होतं, "माझा मुलगा अजून बोलत नाही." खाली सव्वीस उत्तरं. मी दोन वाचली आणि तिसऱ्यावर फिल्टर बसला! गप्पा म्हणजे छंद. उरलेली चोवीस उत्तरं लाल तळहाताच्या मागे राहिली.

घरी कॉम्प्युटर नव्हता. मी फॉर्म घेतला. 'कामाशी संबंध' या रकान्याकडे बघत बसले. काय लिहिणार? शेवटी फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला. पण हात राहतोय का? दिवसातून चार-पाचदा तो पत्ता टाइप व्हायचाच. कुणी सांगावं, चुकून उघडली तर?

शनिवारी बोर्डावर यादी. मशीन नंबर सहा. साईटच्या पत्त्यातच 'मूल उशिरा बोलतं' असं इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं. प्रयत्न: तेवीस. रांगेतलं कुणी हसलं नाही. तेच जास्त लागलं. मी पंच न करता घरी गेले. अर्ध्या दिवसाची रजा लागली, ते वेगळंच!

सोमवारी म्हात्रे काका टेबलाशी आले. "पोरी, माझा भाचा चार वर्सं बोलला नाय. आता गावकीच्या बैठकीत बोलतो. कोनालाच बोलू देत नाय. आता आमी नवस करतो, की गप बस!"

शिल्पाने माझ्या टेबलावर डबीतला गूळ-शेंगदाणा ठेवला. अकरा वाजता साहेबांनी बोलावलं. "वैशाली, फॉर्म किधर है?"

मी ड्रॉवरमधला फॉर्म आणला. रकाना कोराच होता. साहेबांनी चष्मा लावला आणि स्वतः लिहिलं: "बच्चा बोलेगा, तब मम्मी का काम में ध्यान लगेगा." सही. "लंच टाइम में देखो. और रोना मत, कागज गीला होता है."

* * *

गायकवाडने फॉर्म वाचला आणि डोकं खाजवलं.

"मॅडम, एक प्रॉब्लेम आहे. एकच साईट उघडायचं बटणच नाही यात. उघडायचं तर सहा नंबरवर अख्खा 'छंद' विभाग उघडावा लागेल." मग हळूच म्हणाला, "साहेबांच्या मशीनवर पण रंगवाल्यांच्या दिवसापासून सगळं उघडंच आहे. त्यांना सांगू नका."

उघडला! आणि अर्ध्या तासात ही बातमी गोडाऊनपर्यंत पोचली.

लंचला मी डबा घाईघाईने संपवून आले, तर माझ्या खुर्चीत म्हात्रे काका. स्क्रीनवर हातभर मासा. मागे शिल्पा, तिच्यामागे क्रिकेटवाले दोघं.

"काका, माझं मशीन आहे!"

"व्हय गो पोरी, तुझाच हाय. लाइनीत ये."

तीन दिवस मी माझ्याच मशीनसमोर रांगेत उभी राहिले आणि तिन्ही दिवस नंबर येईपर्यंत लंच संपला. चौथ्या दिवशी गायकवाडने खुर्चीवर चिठ्ठी चिकटवली: 'पहिली पंधरा मिनिटं फक्त आई.' खाली फॉर्मसारखाच रकाना, त्यात लिहिलेलं: 'संबंध आहे.' त्या दिवशी मी उरलेली चोवीस उत्तरं वाचली. प्रत्येकीचं वेगळं होतं. घरी जाऊन चिनूला दोन वेळा सगळं समजावून सांगितलं. तो हसला आणि माझी बांगडी ओढत बसला.

* * *

खंडेनवमीला आमच्याकडे मशीनची पूजा असते. मोल्डिंग मशीनला झेंडू, फोर्कलिफ्टला झेंडू, फॅक्सलासुद्धा. घरच्यांना घेऊन यायचं. गायकवाडने फिल्टरच्या डब्याला हळदकुंकू लावलं. काका म्हणाले, "नारळ याच्याच डोक्यात फोड!"

मी चिनूला घेऊन गेले होते. नको नेऊ म्हणत होत्या सासूबाई. लोक विचारतील, मुलगा काय बोलतो. कुणी विचारलं नाही. साहेबांनी त्याला टेबलावरच बसवलं, पेढ्यांच्या बॉक्सशेजारी.

साहेबांना शुगर. डॉक्टरांनी गोड तोडलं होतं, आणि त्यांच्या मिसेस दोन हातांच्या अंतरावर शिल्पाशी मेंदीबद्दल बोलत होत्या. साहेबांनी एक पेढा तोंडात टाकला. मिसेसकडे बघितलं. दुसरा टाकला. पुन्हा बघितलं. तिसऱ्यासाठी हात पुढे गेला.

चिनूने त्यांच्या नाकासमोर तळहात धरला.

"बंद!"

माझ्या हातातलं आरतीचं ताट काकांनी धरलं म्हणून वाचलं. मिसेस वळल्या. सगळं ऑफिस वळलं. लछवानी साहेबांचा हात बॉक्सवर तसाच थांबला होता. मोठा आवाज कुठे गेला कुणास ठाऊक. त्यांनी वाकून अगदी हळू विचारलं,

"फॉर्म भरूँ क्या, बेटा?"

चिनूने तळहात आणखी पुढे केला.

"बंद!"