आभासी कणांचा ठराव

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि पाऊस रुसून दोन. दानम्मा मॅडम तिथल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायच्या. काय शिकवता, असं घरी कुणी विचारलं की म्हणायच्या, "जे दिसत नाही ते." शिवपूजेत रमलेल्या सासूबाईंना हे लगेच पटायचं.

त्या साली विभागप्रमुख शेषेराव सरांनी चाचणीत दोन गुणांना विचारलं: आभासी कण खरे असतात; चूक की बरोबर? सगळ्या वर्गानं 'बरोबर' लिहिलं. एकट्या चांगुणानं अर्धं पान भरलं. हे कण कुठल्याच उपकरणात सापडत नाहीत, गणितातल्या पदांना दिलेलं ते नाव आहे; त्यांच्या नावावर मांडला जाणारा परिणाम, म्हणजे खऱ्या कणांमधली ओढ किंवा ढकल, खरा, पण तो या कणांचं नाव न घेताही काढता येतो. पेपर तपासताना दानम्मांनी तिला दोनपैकी दोन दिले, बाकीच्यांना भोपळा.

शेषेराव सरांनी विभागातल्या चौघांची बैठक बोलावली.

"परिणाम दिसून राहिला ना? मग कण असलाच पाहिजे."

"सर, हिशेब सोपा व्हावा म्हणून काढलेली रेघ आहे ती. तिला आपण कण म्हटलं, इतकंच."

भीमाशंकर सर पुस्तक आणायला उठले, तेवढ्यात शिपाई व्यंकटी दारात आला. "सर, टँकर आला. लई गर्दी हाय."

चौघांच्याही घागरी रांगेत होत्या. शेषेराव सर घाईनं म्हणाले, "हात वर करा. कण खरे?"

तीन हात वर गेले. भीमाशंकर सरांचा तर पायऱ्या उतरता उतरता.

इतिवृत्तात नोंद झाली: आभासी कण खरे आहेत, तीन विरुद्ध एक. चांगुणाचे दोन गुण गेले आणि पहिला नंबरही.

"माझं काही चाललं नाही गं," दानम्मा तिला म्हणाल्या.

"उत्तर बरोबर होतं ना, मॅडम?"

"होतं."

"मग मी कशाला रडू?" असं म्हणून ती रडली.

आठ वर्षांनी दानम्मा विभागप्रमुख झाल्या. झाल्या झाल्या त्यांनी तो ठराव रद्द करायला काढला. भीमाशंकर सर म्हणाले, "मॅडम, मला आता तुमचंच पटतंय. पण मंजूर ठराव असा मोडता येत न्हाई. सात दिवस आधी नोटीस लागते."

नोटीस निघाली. बैठकीच्या दिवशी विभागातले दोघं लग्नाला गेले, बैठक भरलीच नाही. पुढच्या खेपेला भीमाशंकर सरच आजारी पडले. तिसरी नोटीस दानम्मांनी काढलीच नाही. वर्गात त्या आपलंच उत्तर शिकवत राहिल्या, पूर्ण गुण देत राहिल्या, आणि कॉलेजच्या दृष्टीनं दरवर्षी नियम मोडत राहिल्या.